ऐक ना बे, हे गाणं ऐकलं का?

आवडतं गाणं दोस्ताला पाठवणं ही दिसायला साधी गोष्ट आहे. पण त्यात आपण आपलं काहीतरी समोरच्याच्या हातात देत असतो. तो हसला तर? आणि ऐकलंच नाही तर?

गुरुवारची रात्र. अकरा पन्नास. घरातले सगळे झोपलेत आणि तुम्ही मोबाइलचा ब्राइटनेस पार कमी करून जागे आहात. बारा वाजता तुमच्या लाडक्या सिंगरचं नवं गाणं येणार आहे. त्याने इन्स्टावर टाकलेला पंधरा सेकंदांचा तुकडा ऐकून ऐकून पाठ झालाय. बारा वाजतात. स्क्रीनवर गोल गोल चक्र फिरत राहतं. रेंजची एकच काडी. शेवटी तुम्ही चप्पल न घालताच गच्चीवर पळता.

ओळखीचं वाटतंय ना? मग तुम्ही आमच्यातलेच.

मी बीबीचा. बुलडाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यात आहे आमचं गाव. कॉलेजात कुणी विचारलं की आधी लोणारचं सरोवर सांगायचं, मग तिथून बीबीचा पत्ता. इथे ना कॅफेत गिटार घेऊन बसणारे, ना म्युझिक फेस्टिव्हल. तरी इंडी गाणी ऐकणारी पोरं-पोरी इथेही आहेत. इंडी म्हणजे काय, तर स्वतंत्र. सिनेमा नाही, हिरो नाही. ज्याला काही म्हणायचंय त्याने लिहिलं, चाल लावली, रेकॉर्ड केलं आणि लोकांसमोर ठेवलं.

दोन जीबीचं कार्ड

तुमच्या मोठ्या भावाला विचारून बघा. स्वस्त इंटरनेट यायच्या आधी गाणी कुठून यायची? मोबाइलच्या दुकानातून! दोन जीबीचं मेमरी कार्ड द्यायचं, थोडे पैसे द्यायचे, दुकानदार 'गाणी भरून' द्यायचा. नवीन पिक्चरची, लग्नातली, थोडी भक्तिगीतं. निवड त्याची, ऐकणारे आपण. तुम्हाला एखाद्या कोपऱ्यातल्या बँडचं गाणं आवडू शकतं, हे त्या फोल्डरला माहीतच नव्हतं.

मग 2016 मध्ये जिओ आलं, 2019 च्या फेब्रुवारीत स्पॉटिफाय भारतात आलं आणि कार्ड भरणारा दुकानदार मधून गेला. आता निवड आपली. म्हणजे जबाबदारीही आपलीच!

आणि निवडायला काय काय आहे बघा. प्रतीक कुहाड जयपूरचा. त्याचं 'कोल्ड/मेस' बराक ओबामांच्या 2019 च्या आवडत्या गाण्यांच्या यादीत होतं. 'बारिशें'वाला अनुव जैन लुधियानाचा. 'गुलाबी साडी'ने 2024 मध्ये सगळ्यांना नाचवलं, तो संजू राठोड आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यातला. त्याच वर्षी क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकरचं 'तांबडी चामडी' थेट नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सवरून आलं. तुकोबांच्या अभंगांना रॉकचा बाज देणारा मुंबईचा 'अभंग रिपोस्ट' आहे. आणि अमरावतीचा रॅपर हंड्रेड आरबीएच. नाव नीट वाचा. हंड्रेड म्हणजे सौ, पुढे आरबीएच. झाला की नाही सौरभ? एमटीव्ही हसलच्या स्टेजवर आपल्या वऱ्हाडी बोलीचा ठसका घेऊन गेलेला माणूस.

जयपूर, लुधियाना, जळगाव, अमरावती. म्हणजे गाणं मुंबईतच जन्माला यावं लागतं असं काही नाही.

मेहकरची 'शीळ'

तुम्ही म्हणाल, हे सगळं मोबाइलमुळे. थांबा. बीबीहून मेहकर काही फार लांब नाही. तिथे वकिली करणारे ना. घ. देशपांडे नावाचे कवी होते, 1909 चा जन्म. शाळेच्या पुस्तकात त्यांचं नाव वाचलं असेल. 'खूणगाठी'साठी त्यांना 1986 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पण माझ्यासाठी त्यांची मोठी गोष्ट त्याच्या कितीतरी आधीची. ऐन तरुणपणी त्यांनी 'शीळ' ही कविता लिहिली. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला जी. एन. जोशी या तरुण गायकाच्या आवाजात तिची ग्रामोफोन रेकॉर्ड निघाली. मराठी भावगीताची गोष्ट अनेक जण या रेकॉर्डपासूनच सांगायला सुरुवात करतात.

तो काळ नाट्यसंगीताचा होता. गाणं म्हणजे नाटकातलं पद. आणि ही दोन तरुण माणसं नाटकाबाहेरचं, साधं, मनातलं गाणं घेऊन आली. आज आपण 'सिनेमाबाहेरचं गाणं' म्हणतो, तेव्हा ते 'नाटकाबाहेरचं' होतं. नाव बदललं, काम तेच. आता सांगा, इंडी आपल्याकडे नवीन आहे का?

मी हसलो, तो दिवस

आता थोडं माझ्याबद्दल. बारावीत मी आणि माझा एक दोस्त एसटीने जायचो. इअरफोन एकच. डावा त्याच्याकडे, उजवा माझ्याकडे. नियम साधा होता. जाताना त्याची गाणी, येताना माझी. त्याच्यामुळे मी रॅप ऐकायला लागलो, माझ्यामुळे तो गिटारवाली हळू गाणी. "ऐक ना बे, हे ऐकलं का?" एवढ्याच वाक्यावर आमची दोन वर्षं गेली.

पुढे मी दुसऱ्या शहरात हॉस्टेलवर गेलो. एकदा तो भेटायला आला आणि रूमवरच्या पोरांना त्याने मोठ्या हौसेने एक वऱ्हाडी रॅप लावून दाखवला. पोरं हसली. 'हे काय गावठी लावलंय?' कुणीतरी म्हणालं. आणि खरं सांगतो, मीही हसलो. मला ते गाणं आवडायचं, तरी हसलो. त्याने काही न बोलता मोबाइल खिशात टाकला.

त्यानंतर वर्षभर त्याने मला एकही गाणं पाठवलं नाही. वाढदिवसाचा केक, हात जोडलेले इमोजी, बस. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. इथे मिटवायलाही काही नव्हतं.

मग एका गुरुवारी रात्री, बारा वाजून गेल्यावर, त्याची लिंक आली. सोबत एक शब्द नाही. आम्ही दोघं ज्याची वाट बघायचो त्याच गायकाचं नवं गाणं होतं. मी 'मस्त' लिहिलं आणि खोडलं. गाणं पूर्ण ऐकलं, पुन्हा ऐकलं. मग लिहिलं, 'दुसऱ्या कडव्यानंतर तो एकदम गप्प होतो ना, तिथे मला आपली एसटी आठवली. आणि त्या दिवशी मी हसायला नको होतं.'

पाच मिनिटांनी फोन वाजला. तो पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करत होता. दुसऱ्यांदा पूर्व परीक्षेत राहिला होता आणि घरी सांगितलं नव्हतं. दोन आठवडे कुणाशीच नीट बोलला नव्हता. आम्ही अडीचपर्यंत बोललो. मी त्याला कुठलाही सल्ला दिला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने घरी फोन करून सांगून टाकलं.

गाण्याने त्याचा निकाल बदलला नाही. पण ते आलं नसतं तर तो फोनही आला नसता, हे मला पक्कं माहीत आहे.

तुमच्या ऐकण्याची किंमत

गाणं पाठवण्याचा आणखी एक हिशेब आहे, तो गाणाऱ्याचा. स्पॉटिफायवर एखादं गाणं तीस सेकंद वाजलं की ते एकदा ऐकलं असं धरतात. आणि 2024 पासूनचा नियम असा, की मागच्या बारा महिन्यांत गाणं किमान हजार वेळा वाजलं नसेल तर त्याच्या रेकॉर्डिंगचे पैसेच मिळत नाहीत. मोठ्या स्टारला हजार म्हणजे काहीच नाही. पण तालुक्याच्या गावात उसनं माइक आणून पहिलं गाणं करणाऱ्या पोरीसाठी तो पहिला उंबरठा आहे.

आता गणित करा. तुमच्या वर्गात चाळीस जण. प्रत्येकाने वर्षभरात पंचवीस वेळा ऐकलं की झाले हजार! म्हणजे एक वर्ग एका गाण्याला त्या उंबरठ्यापर्यंत नेऊ शकतो. आपल्या 'फॉरवर्ड'मध्ये एवढी ताकद आहे आणि आपण ती गुड मॉर्निंगवर घालवतो.

येत्या शुक्रवारसाठी

- जगभरात नवी गाणी बहुतेक शुक्रवारीच येतात. 2015 च्या जुलैपासून तसं ठरलंय. आवडत्या कलाकाराला फॉलो करा, गाणं 'प्री-सेव्ह' करून ठेवा. वाट बघण्यातही मजा आहे.
- नुसती लिंक टाकू नका. एक वाक्य लिहा: 'हे ऐकून तुझी आठवण आली, कारण...' ते 'कारण' महत्त्वाचं.
- दहा जणांना एकदम नको. एकालाच पाठवा. ग्रुपवर टाकलेलं गाणं कुणाचंच नसतं.
- कुणी पाठवलं तर निदान एकदा पूर्ण ऐका. नाही आवडलं तर तसं सांगा, चालतं. पण हसू नका.
- आपल्या जिल्ह्यातला एक तरी गाणारा शोधा. सापडला की पहिल्यांदा त्या दोस्ताला पाठवा, ज्याच्याशी बरेच दिवसांत बोलणं झालेलं नाही.

कोण आठवलं आत्ता? त्यालाच. तिलाच.