पदोन्नतीचा कागद आणि घराचा हिशेब

नोकरी मिळणे आणि नोकरीत वर चढणे या बाईच्या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला घर आता सहसा आडवे येत नाही; पगार सगळ्यांनाच हवा असतो. अडते ते पदोन्नतीच्या वेळी, कारण तिच्यामागून बदली, फिरती किंवा जादा तास येतात. वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगाव मेघेसारख्या वस्तीत हे सहज समजते. कारभार ग्रामपंचायतीचा, पण 2011 च्या जनगणनेत नोंद 'जनगणना शहर' अशी. सावंगी मेघे आणि सेवाग्राम इथली मोठी रुग्णालये, शाळा, बँका, जिल्हा परिषद, सगळे दुचाकीच्या टप्प्यात. वरची जागा मात्र बऱ्याचदा दुसऱ्या तालुक्यात, नाहीतर सुमारे 75 किलोमीटरवरच्या नागपुरात निघते.

अंगणवाडी सेविकेचे उदाहरण बोलके आहे. ती त्याच गावची रहिवासी असावी लागते, म्हणून काम घराजवळ असते. मुख्यसेविका झाली की तिच्याकडे सुमारे 25 अंगणवाड्यांचे बीट येते आणि रोजची फिरती सुरू होते. आशा स्वयंसेविकेची गटप्रवर्तक होते तेव्हाही असेच घडते. परिचारिकांचे गणित उलटे आहे. परिसेविका झाल्यावर रात्रपाळ्या बहुधा कमी होतात. पण त्या ज्येष्ठतेला पोचेपर्यंत मुले मोठी झालेली असतात. गरज होती तेव्हा रात्रपाळी, गरज सरली तेव्हा दिवसपाळी.

शिक्षिकांसाठी जिल्हा परिषदेच्या बदली धोरणात 'पती-पत्नी एकत्रीकरण' हा निकष आहे. दोघांच्या कामाच्या ठिकाणांत 30 किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल, तर त्याआधारे बदली मागता येते. कुटुंब एकत्र राहावे हा हेतू चांगलाच. परंतु पदोन्नतीने लांबची शाळा मिळणार असेल तेव्हा 'पदोन्नती नको' असे लिहून देण्याची वेळ कोणावर येते, हे निकष ठरवत नाही, घर ठरवते. असा नकार सेवापुस्तकात वैयक्तिक निर्णय म्हणूनच राहतो.

कायद्याने मदत केली ती मुख्यतः बाळंतपणापुरती. 1961 च्या प्रसूती लाभ कायद्यातील 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची भरपगारी रजा दिली आणि 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले. पगाराचा भार मालकावर पडतो, त्यामुळे लहान संस्थांना तरुण विवाहितेला घ्यायला कचरण्याचे निमित्त मिळते, ही या सुधारणेची दुखरी बाजू. राज्य सरकारी सेवेतील महिलांना बालसंगोपन रजा संपूर्ण सेवेत 180 दिवस मिळते. केंद्राच्या सेवेत ती 730 दिवस आहे.

बाळंतपणानंतरची वर्षे मात्र घड्याळावर चालतात. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी रोज सरासरी 299 मिनिटे देत होत्या आणि पुरुष 97. 2024 मध्ये हे आकडे 289 आणि 88 झाले. म्हणजे दोघांचेही काम थोडे हलके झाले, तफावत होती तिथेच राहिली. मुलांची व आजाऱ्यांची देखभाल यात धरलेलीच नाही. 2023 चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी दाखवून दिले की प्रगत देशांतही स्त्री-पुरुष कमाईतले अंतर बऱ्याच अंशी पहिल्या अपत्यानंतर वाढते. वेळीअवेळी हजर राहणाऱ्याला जास्त मोल देणाऱ्या कामांत ते विशेष दिसते.

शेजारच्या सेवाग्रामात महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था 1969 मध्ये उभी करणाऱ्या डॉ. सुशीला नय्यर त्याआधी केंद्रीय आरोग्यमंत्री होत्या. त्या अविवाहित राहिल्या. सार्वजनिक कामात वरपर्यंत पोचलेल्या त्या काळच्या अनेक स्त्रियांनी संसार आणि काम यांतले एकच निवडले होते. आजच्या नोकरदार बाईला दोन्ही हवे आहे, आणि तिच्या मदतीला येते ती मुख्यतः आई किंवा सासू. दोघी जवळ नसल्या की शेजारीण.

2022 पासून केंद्राच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवण्याची सोय झाली आहे. नेहमीची अंगणवाडी काही तासांत सुटते, तेव्हा नोकरदार आईला या जोडव्यवस्थेचा उपयोग आहे. मात्र ती दिवसाची सोय. रुग्णालयाच्या दुपारपाळीवरची परिचारिका रात्री उशिरा सुटते, तोवर मुलाकडे कोण पाहणार याची जबाबदारी अजून घराचीच आहे.