आधी विचारा, मग खोदा!

१९७४ साली अरबी समुद्रात, मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, ‘सागर सम्राट’ने तेल शोधले आणि १९७६ पासून त्याचे उत्पादन सुरू झाले. समुद्राखालच्या वाहिनीने हे तेल रायगड जिल्ह्यात उरणच्या ओएनजीसी प्रकल्पात येते आणि प्रक्रिया होऊन ट्रॉम्बेच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांकडे जाते. देशाला इंधन मिळाले. त्याला कोणाचाच विरोध नाही. प्रश्न आहे तो किनाऱ्यावरच्या माणसाचा. ३ सप्टेंबर २०१९ रोजी याच प्रकल्पातील आगीत चार जणांचा बळी गेला. तेल सर्वांचे आणि धोका मात्र उरणचा, हा कुठला न्याय?

नियमांची वाण नाही. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आहे, किनारपट्टी नियमन क्षेत्राची अधिसूचना आहे, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. पण या सगळ्यांत कोळ्याला, आगऱ्याला, कातकऱ्याला स्वतःच्या तोंडाने बोलण्याची जागा एकच : जनसुनावणी. २००६ च्या अधिसूचनेने प्रकल्पाला मंजुरी देण्यापूर्वी लोकांचे म्हणणे ऐकण्याची पद्धत घालून दिली.

त्या जागेलाच जानेवारी २०२० मध्ये कात्री लागली. केंद्र सरकारने जमिनीवरील आणि समुद्रातील तेल-वायूचा शोध ‘बी-२’ गटात टाकला. या गटाला ना पर्यावरण आघात अहवाल लागतो, ना जनसुनावणी! सरकार म्हणते, हा तर फक्त शोध आहे, उत्पादनाच्या वेळी सुनावणी होईलच. पण कोट्यवधी रुपये ओतून विहीर खोदल्यावर, तेल लागल्यावर, ‘नको’ म्हणणाऱ्या कोळ्याचे कोण ऐकणार?

नुकसान झाल्यावर दाद मागता येते, असेही सांगितले जाते. खरे आहे. उरण-पनवेल परिसरात भराव आणि तिवरांच्या तोडीमुळे मासेमारी बुडालेल्या १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये द्या, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने फेब्रुवारी २०१५ मध्ये दिला. जेएनपीटी, सिडको आणि ओएनजीसी या तिघांनी मिळून ही रक्कम द्यायची होती. म्हणजे कुटुंबामागे ५ लाख ८४ हजार. पिढ्यान्पिढ्यांच्या खाडीची ही किंमत! आणि ओहोटीला चिखलात उतरून हाताने कालवे-खुबे वेचणाऱ्या बाईची होडी नाही, परवाना नाही. तिचे नुकसान कोणत्या नोंदवहीत सापडणार?

महाड आणि उरण एकाच रायगड जिल्ह्यात आहेत, हे आपण विसरता कामा नये. सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करणारा ठराव १९२३ मध्ये मंजूर झाला होता. तरीही चवदार तळ्याचे पाणी मिळाले नाही. त्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारोंसह तळ्यावर जावे लागले. कागदावरचा हक्क माणसे वापरतात तेव्हाच तो हक्क होतो, हा महाडचा धडा आहे.

म्हणून चळवळीने पर्यावरणाचा प्रश्न पक्षी-फुलपाखरांच्या हौशी मंडळींवर सोडून चालणार नाही. हा पाण्यावरच्या मालकीचा, पोटाचा आणि प्रतिनिधित्वाचा प्रश्न आहे. तेलाच्या शोधालाही जनसुनावणी हवी, अहवाल पूर्णपणे मराठीत हवा, परवाना नसलेल्या मासेवेचकांची नोंद हवी, या मागण्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक ग्रामसभेत मंजूर झाल्या पाहिजेत. भरपाई ही मेल्यानंतरची मदत आहे. आपल्याला जगण्यापूर्वीच मरण ठरवणाऱ्या बैठकीत खुर्ची हवी आहे.