सेव-उसळीची गाडी आणि वरची खोली

दांडिया बाजारातून निघावे, रावपुरा आणि कोठी मागे टाकून विश्वामित्रीचा पूल ओलांडावा, की काळ्या घोड्यावरचे सयाजीराव महाराज भेटतात. उजव्या हाताला बाग, समोर सयाजीगंज आणि पलीकडे जुन्या बडोदे कॉलेजचा तो घुमट. फिरायला म्हणून या वाटेने मी कित्येक वर्षे जात आलो आहे. परंतु संध्याकाळच्या वेळी ही वाट फिरण्याची राहत नाही, खाण्याची होते. कॉलेजे सुटतात, वसतिगृहांतून पोरे-पोरी बाहेर पडतात आणि सयाजीगंजपासून फत्तेगंजपर्यंत रस्त्याच्या कडेला स्टोव्ह आणि शेगड्या फुरफुरू लागतात.

बडोद्याची म्हणून जी सेव-उसळ प्रसिद्ध आहे, तिची खरी परीक्षा येथे होते. वाटाण्याची उसळ, वर तिखटजाळ लाल रस्सा, त्यावर मूठभर जाड सेव, चिरलेला कांदा, लसणाची चटणी आणि बरोबर पाव. रस्सा संपला की पुन्हा मागावा. गाडीवाला पळीभर ओततो आणि तोंडाकडेही बघत नाही. सेव गुजराती, उसळ आपली, पाव फिरंग्यांचा. पुण्या-कोल्हापूरकडचे पाहुणे आले की हिला मिसळीची धाकटी बहीण म्हणतात. आपण बडोदेकर मात्र ते कबूल करीत नाही. शेजारी कोणी अर्धा चहा घेऊन मस्काबन बुडवीत असतो, कोणी गरम खिचू फुंकरून खात असतो, आणि चार पावलांवर अंड्याच्या तव्याचा खणखणाट चालू असतो.

मौज अशी की, या बाकड्यावर कोणी कोणाला नाव विचारीत नाही. केरळचा, बिहारचा, मणिपूरचा, डांगातला आदिवासी मुलगा, आफ्रिकेतून शिकायला आलेला विद्यार्थी, सारे एकाच पातेल्यातली उसळ खातात. ज्याला अंडे नको तो तव्यापासून दोन हात सरकतो, एवढेच.

हे पाहताना मला आमच्या घरचा मंगळवार आठवतो. जुन्या वाचकांना वार लावून जेवणे ठाऊक असेलच. बाहेरगावच्या गरीब विद्यार्थ्याने सात घरी सात वार धरायचे आणि शिक्षण पुरे करायचे. आमच्या आजीकडे मंगळवारचा एक मुलगा असे. आजी त्याला पहिल्या पंगतीला बसवी, भातावर तूप स्वतः वाढी, आणि परीक्षेच्या दिवसांत त्याच्यासाठी देवापुढे साखर ठेवी. पुढे तो मोठ्या हुद्द्यावर चढला, तरी मंगळवारी आजीला पत्र लिहिल्यावाचून राहिला नाही. आमच्या घराण्यात ही गोष्ट अभिमानाने सांगतात आणि मीही सांगत आलो. मात्र तो मुलगा आपल्यातलाच आहे ना, ही चौकशी पाट मांडण्यापूर्वीच झाली होती, हे आम्ही कधी सांगितले नाही. ते सांगण्यासारखे आहे असे आम्हाला वाटलेही नाही.

ज्याच्यासाठी पाट मांडला गेला नाही, अशा एकाची हकीकत याच सयाजीगंजच्या शेजारची आहे. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली भीमराव आंबेडकर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले आणि करारानुसार १९१७ च्या सप्टेंबरात संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्यास आले. एवढा विद्वान मनुष्य, पण त्याला राहायला-जेवायला घर मिळेना. शेवटी एका पारशी विश्रांतिगृहात सोय झाली. राहण्या-जेवण्याचे रोज दीड रुपया द्यायचे ठरले, आणि वहीत नाव मात्र पारशाचे लिहावे लागले. तेथील माणूस सकाळी चहा-फराळ आणि रात्री जेवण वर आणून देई. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेली पारशी मंडळी दारात उभी राहिली. जागा सोडणे आले. दोन स्नेह्यांकडे त्यांनी शब्द टाकला. एक म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा म्हणाला, पत्नीला विचारून सांगतो. मुंबईची गाडी रात्री नऊची होती. तोपर्यंतचे पाच तास आंबेडकरांनी आपल्या या बागेत काढले. हे सारे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. बागेतली ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

त्यानंतर शहर पुष्कळ बदलले. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ निघाले. हंसाबेन मेहता पहिल्या कुलगुरू झाल्या. विद्यापीठाच्या आरंभकाळातच गृहविज्ञानाची शाखा सुरू होऊन आहारशास्त्र हा मुलींच्या उच्च शिक्षणाचा विषय झाला. वसतिगृहांच्या भोजनगृहांतून नाना प्रांतांची मुले एका रांगेत बसली. तरीही खाण्यावरून माणूस पारखण्याची खोड गेली म्हणावे, तर तसे नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात येथील महापालिकेच्या स्थायी समितीच्या अध्यक्षांनी अंडी-मांसाच्या गाड्यांवरचे पदार्थ झाकून ठेवावेत अशी सूचना केली आणि त्यावरून मोठा गलबला झाला. पुढल्याच महिन्यात अहमदाबादच्या गाडीवाल्यांच्या अर्जावर उच्च न्यायालयाने तेथल्या पालिकेला खडसावले की, लोकांनी काय खावे हे तुम्ही कसे ठरवता? त्या वेळी आमच्या ओट्यावर मी न्यायालयाची बाजू मोठ्या आवेशाने मांडली होती.

आता माझे ऐका. मुलगा परदेशी गेल्यापासून आमची वरची खोली रिकामी आहे. गेल्या जूनमध्ये एक मुलगी चौकशीला आली. विदर्भातली, आहारशास्त्र शिकायला आलेली, बोलायला नेमकी आणि नम्र. खोली तिला आवडली, भाडे पटले. मग मी नेहमीचा प्रश्न विचारला, "खाण्यापिण्याचं काय?"

ती म्हणाली, "काका, मी अंडी खाते. घरी गेले की मटण-मासेही खाते. इथे खोलीत नाही करणार. पण खात नाही असं कसं सांगू?"

मी म्हणालो, "घरात विचारून कळवतो."

घरात विचारायचे काही नव्हते. नकार देणारा मीच होतो. संध्याकाळी आमच्या घरच्या मंडळींना हकीकत सांगितली, तेव्हा त्या भाजी निवडीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "खोटं बोलली असती तर खोली मिळाली असती म्हणायची."

त्या रात्री झोप लागली नाही. शंभर वर्षांपूर्वी वहीत खोटे नाव लिहायला लावणारे आणि आज "खात नाही" एवढे खोटे ऐकायला उत्सुक असणारे, यांच्यात फरक काय? माझ्या स्वयंपाकघरात काय शिजावे हे ठरवण्याचा हक्क मला आहे, आणि तो तिने मागण्यापूर्वीच मान्य केला होता. मी नाकारले ते तिच्या पोटात काय जाते त्यावरून. तो आवेश, ते न्यायालय, सारे ओट्यावरच राहिले.

महिन्याभराने फत्तेगंजात एका गाडीपाशी ती दिसली. मैत्रिणींबरोबर सेव-उसळ खात होती. मी तोंड चुकवणार, तोच तिने ओळखले. "काका, बसा ना," म्हणून बाकड्यावर सरकली. गाडीवाल्याला दुसरी बशी सांगितली आणि कांद्याची वाटी माझ्याकडे ढकलली. तिला दुसरीकडे खोली मिळाली होती. मी काय बोलणार? रस्सा फार तिखट होता, त्या निमित्ताने डोळे पुसता आले. पैसे द्यायला उठलो तर तिने आधीच दिलेले.

आजीच्या मंगळवारचे पुण्य मी वर्षानुवर्षे सांगत आलो. या पोरीने नाव-गाव न काढता मला एका संध्याकाळी वार लावून दिला.

खोली अजून रिकामी आहे. फाटकावरच्या पाटीवर 'खोली भाड्याने देणे आहे' याखाली एक ओळ होती, ती मी खरवडून काढली आहे. रंग गेला; पण अक्षरांचा ठसा उन्हात अजून वाचता येतो. येत्या दिवाळीला पाटीच नवी रंगवून घ्यावी म्हणतो. आपल्यापैकी कितीकांच्या फाटकावर तीच ओळ आहे, हे मला ठाऊक आहे. एखाद्या संध्याकाळी सयाजीगंजात या. उसळ चांगली मिळते, आणि बाकड्यावर जागा करून देणारे कोणी ना कोणी असतेच.