ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळातील मांत्रिक पात्र आणि प्रारंभिक क्षमता-गुणांचे वाटप

प्रास्ताविक :

मर्यादित साधनांची अनेक गरजांमध्ये वाटणी कशी करावी, हा अर्थशास्त्राचा मूलभूत प्रश्न होय. संगणकीय करमणुकीच्या क्षेत्रात हाच प्रश्न वेगळ्या रूपात आढळतो. ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळात खेळाडू एक काल्पनिक पात्र निर्माण करतो आणि त्याच्या अंगी कोणती क्षमता किती असावी, हे खेळ सुरू होण्यापूर्वीच ठरवतो. प्रस्तुत लेखात ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स ऑनलाइन’ या खेळातील विझार्ड, म्हणजे अभ्यासाने मंत्रविद्या संपादन करणारा मांत्रिक, या पात्राच्या आधारे या वाटपाचे विवेचन केले आहे.

पार्श्वभूमी :

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळावयाचा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पात्राची प्रत्येक क्षमता तीन फासे टाकून ठरत असे. बुद्धिमान मांत्रिक लाभणे हा नशिबाचा भाग होता. २००० मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत फाशांऐवजी ठरावीक गुण खर्च करून क्षमता घेण्याचा पर्यायही देण्यात आला. २००३ मध्ये सुधारलेल्या याच नियमांवर टर्बाइन या कंपनीने २००६ मध्ये उपरोक्त ऑनलाइन खेळ उभारला आणि त्यात गुणांची पद्धत स्वीकारली. नशिबाची जागा निर्णयाने घेतली, त्याबरोबर चुकीची जबाबदारीही खेळाडूकडे आली.

वाटपाचे नियम :

पात्राच्या क्षमता सहा आहेत : शक्ती, चपळता, काटकपणा, बुद्धी, विवेक व व्यक्तिमत्त्वाची छाप. प्रत्येकीचा आरंभ ८ या अंकापासून होतो व खेळाडूला २८ गुण मिळतात. १४ पर्यंतच्या प्रत्येक वाढीस एक गुण, १५ व १६ साठी प्रत्येकी दोन, तर १७ व १८ साठी प्रत्येकी तीन गुण पडतात. म्हणजे १४ चा अंक ६ गुणांत, १६ चा १० गुणांत, तर १८ चा अंक १६ गुणांत मिळतो. सीमांत खर्च वाढत जातो, तो असा.

लाभ मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. दहाच्या वरील प्रत्येक दोन अंकांमागे एक बोनस मिळतो. १६ ला तीन, १८ ला चार. १७ ला मात्र तीनच. बुद्धीचा अंक १६ वरून १७ करण्यासाठी खर्चलेले तीन गुण तत्काळ काहीच देत नाहीत. तथापि दर चौथ्या पातळीला पात्राची एक क्षमता एका अंकाने वाढते. चौथ्या पातळीवर १७ चे १८ होतात आणि तो खर्च सार्थकी लागतो.

पात्रता आणि प्रभाव :

विझार्डच्या बाबतीत बुद्धीची दोन कामे वेगळी ओळखणे आवश्यक आहे. पहिले काम पात्रतेचे. कोणत्याही श्रेणीचा मंत्र वापरण्यासाठी बुद्धी दहा अधिक ती श्रेणी इतकी असावी लागते. सर्वोच्च नवव्या श्रेणीसाठी १९ लागतात व ती श्रेणी सतराव्या पातळीवर खुली होते. १५ पासून आरंभ करणारा विझार्ड चौथ्या, आठव्या, बाराव्या व सोळाव्या पातळीची वाढ बुद्धीला देऊन वेळेत १९ वर पोहोचतो. म्हणजे निव्वळ पात्रतेसाठी आठ गुण पुरेसे आहेत.

दुसरे काम प्रभावाचे. मंत्राला प्रतिकार करण्यासाठी शत्रूला दहा, मंत्राची श्रेणी व विझार्डचा बुद्धी-बोनस यांच्या बेरजेइतका आकडा गाठावा लागतो. हा प्रतिकार वीस बाजूंच्या फाशावर ठरत असल्याने एका बोनसाचा फरक सामान्यतः पाच टक्के असतो. शत्रूला मोहित करणाऱ्या मंत्रांसाठी तो निर्णायक ठरू शकतो. सहकाऱ्यांचे बळ वाढवणाऱ्या मंत्रांना मात्र प्रतिकारच नसतो. सबब कोणते मंत्र वापरावयाचे, हे ठरवल्याशिवाय वाटपाचा निर्णय करता येत नाही.

दोन वाटपांची तुलना :

पहिले वाटप असे : बुद्धी १८, काटकपणा १४, चपळता १४, खर्च १६, ६ व ६. दुसरे : बुद्धी १६, काटकपणा १६, चपळता १४, शक्ती १०, खर्च १०, १०, ६ व २. दोन्हींत बेरीज २८ होते. पहिल्यात मंत्राचा प्रभाव एका बोनसाने अधिक. दुसऱ्यात प्रत्येक पातळीमागे एक जीवनगुण अधिक, म्हणजे दहाव्या पातळीवर दहा. मूळ नियमांत विझार्डच्या वाट्याला जीवनगुणांसाठी सर्वांत लहान, चार बाजूंचा फासा येतो, हे लक्षात घेता ही भर अल्प नव्हे. शिवाय मार खात असताना मंत्र न तुटू देण्याचे कौशल्य काटकपणावरच अवलंबून असते. खंबीर सहकाऱ्यांच्या आड उभे राहणाऱ्यास पहिले वाटप, तर एकट्याने खेळणाऱ्यास दुसरे अधिक उपयुक्त ठरते. काटकपणा ८ वर सोडणे मात्र दोन्ही परिस्थितींत महाग पडते. मृत मांत्रिकाची बुद्धी कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

समारोप :

हा निर्णय खेळाडू सर्वांत कमी जाणत असतो त्या क्षणी घ्यावा लागतो. पुढे ‘रीइन्कार्नेशन’ची, म्हणजे पुनर्जन्माची, सोय आली व गुणांची फेरमांडणी शक्य झाली, पण तीही विनामूल्य हाती येत नाही. येथे एक विसंगती नोंदवणे अगत्याचे आहे. खेळात दीर्घकाळ कामगिरी करणाऱ्यास नवे पात्र निर्माण करताना २८ ऐवजी ३२ गुण मिळू शकतात. चूक पचवण्याची मुभा ज्याला सर्वाधिक हवी, त्या नवख्याच्या हाती सर्वांत कमी गुण असतात. म्हणूनच नवख्याने एका अंकाच्या शिखरामागे सर्व काही न लावता प्रथम पात्रता, मग जीवितरक्षण आणि उरलेल्यातून प्रभाव, असा क्रम ठेवणे श्रेयस्कर ठरते. वर्गात पाऊल ठेवतानाच शाखा निवडाव्या लागणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या अध्यापकवर्गाला ही विसंगती अपरिचित वाटणार नाही.