चार फाका, पंचवीस घरं आणि पहिलीची तयारी

अंगणात खडूने पाच ओळींत पाच अशी पंचवीस घरं आखायची, चारही कडांच्या मधल्या घरावर आणि बरोबर मधोमध फुली मारायची, की चल्लस-आठचा पट तयार. काही गावांत यालाच अष्टाचंगा म्हणतात. अहिल्यानगर जिल्ह्यात चिंचेच्या झाडांना तोटा नाही, त्यामुळे फाशांचा प्रश्न दोन चिंचोक्यांत सुटतो. चिंचोका फोडला की दोन फाका होतात, एका अंगाने काळपट, दुसऱ्या अंगाने पांढरट. अशा चार फाका हातात खुळखुळवून टाकायच्या. जितक्या पांढऱ्या पडतील तितकी घरं पुढं. चारही पांढऱ्या म्हणजे चल्लस, म्हणजे चार. सगळ्या काळ्या पडल्या तर आठ. चल्लस किंवा आठ पडलं की पुन्हा खेळायला मिळतं.

पाच वर्षांचं पोर आजीसमोर हा डाव मांडून बसतं तेव्हा त्याचं गणित चालू असतं, फक्त तसं कुणी म्हणत नाही. सुरुवातीला ते प्रत्येक फाकेला बोट लावून मोजतं. डाव अंगवळणी पडला की बोट सुटतं. तीन पांढऱ्या दिसल्या की मोजायच्या आधीच तोंडातून 'तीन' निघतं. न मोजता नजरेने संख्या ओळखणं ही बालशिक्षणात मोठी पायरी मानतात.

मग सोंगटी हलवायची वेळ येते आणि नेहमीची चूक होते. सोंगटी ज्या घरात उभी आहे तेच घर पोर 'एक' म्हणून मोजतं. आजी हात धरते: "आरं, उभा हाईस ते घर नको मोजू, फुडचं मोज." हीच चूक पुढे शाळेत संख्यारेषेवर होते. तिथे ती लाल शाईने दाखवली जाते. पटावर मात्र दोन डावांत आपोआप सुधारते, कारण चुकलं तर सोंगटी मारायची संधी हुकते. त्यात पुढची सोंगटी मारायला किती पडायला हवेत, हा प्रश्न आलाच, म्हणजे वजाबाकी आली. फाक दोन्ही अंगांनी सारखीच पडते असं धरलं, तर सोळा शक्यतांपैकी सहांत दोन पडतात, चारांत एक, चारांत तीन. चल्लस आणि आठ एकेकाच शक्यतेत. पोराला हे कोष्टक माहीत नसतं, पण "दोनच पडत्यात सारखे" ही त्याची तक्रार गणिताला धरून असते.

हे सगळं फुकट असताना पालक दुकानातून काय आणतात? भिंतीवरचा तक्ता, गिरवायची वही आणि हल्ली मोबाईलमधलं गाणं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी नर्सरीतून गृहपाठ येतो, मुलाची बोटं अजून पेन्सिल पेलायला तयार नसतात, आणि संध्याकाळी घरात रडारड होते. त्या बोटांना खरं बळ मिळतं ते शेंगा सोलताना, मटकी निवडताना, कणकेच्या गोळ्याचा साप करताना. परातीत ज्वारीचं पीठ पसरून बोटाने रेघ ओढणं हे गिरवण्यापेक्षा सोपं आणि जास्त मजेचं. चुकलं तर हात फिरवला की पाटी कोरी.

महाराष्ट्राला हे कुणी नव्याने सांगायला नको. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा केला. पुढे 1945 मध्ये ताराबाई बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि नंतर दोघींनी कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये काम केलं. माँटेसरी पद्धतीची महाग साधनं तिथे परवडणारी नव्हती आणि खरं तर लागतही नव्हती. शिंपले, खडे, बिया, पानं, काड्या यांतून त्यांनी साधनं केली. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. त्यातला 'अंगणवाडी' हा शब्द आज गावोगाव रोज वापरला जातो. त्यामागचा विचार मात्र पुष्कळ घरांत पोचलेला नाही.

बियांचंच घ्या. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण घरच्या बियाणे बँकेत त्यांनी वाल, घेवडा, भात यांचे किती तरी गावठी वाण जपले. 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बी कुठल्या वाणाचं हे रंग, आकार, डाग, जाडी पाहून ओळखायचं. वर्गीकरण म्हणतात ते हेच. स्वयंपाकघरात पाच प्रकारची कडधान्यं मूठ-मूठ एकत्र करून मुलापुढे ठेवली आणि "तुला हवे तसे ढीग कर" म्हटलं, तर एक मूल रंगाने लावेल, दुसरं आकाराने. दोघांनाही "असं का लावलंस?" एवढं विचारावं. उत्तर देताना मूल जी वाक्यं जुळवतं, ती भाषेची तयारी. (नाकात हरभरा घालणाऱ्या वयाच्या मुलाजवळ मोठं माणूस बसलेलं हवं, हे सांगायला नको.)

मराठी घरात एका गोष्टीला जास्त वेळ द्यावा लागतो: संख्यांची नावं. 'त्रेचाळीस' म्हणताना तीन आधी ऐकू येतात, चाळीस नंतर. लिहिताना चार आधी येतो. एकोणपन्नासमध्ये तर पन्नास ऐकू येतात आणि लिहायचे असतात चार आणि नऊ. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी तेव्हा हेच समजावून सांगितलं होतं की लहान मुलांना जोडाक्षरी आणि उलट्या क्रमाची नावं अवघड जातात. वाद विनोदांत विरून गेला, पण अडचण खरीच आहे. घरी त्यावर साधा उपाय आहे. आठवडे बाजाराला निघताना मुलाच्या हातात दहाच्या चार नोटा आणि रुपयाची तीन नाणी द्यावीत. चार दहा आणि वर तीन, त्रेचाळीस. भाजीवाल्याला वीस रुपये मुलानेच मोजून द्यावेत, मागे गिऱ्हाइकं खोळंबली तरी.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षं हा सलग पायाभूत टप्पा मानला आणि त्यात खेळाला मध्यभागी आणलं. राज्यात 2022 पासून 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारी अभियान सुरू झालं. पहिलीत येणाऱ्या मुलांचा शाळेत मेळावा भरतो. उड्या मारणं, वस्तूंच्या जोड्या लावणं, चित्रावरून गोष्ट सांगणं, वस्तू मोजणं अशी टेबलं मांडलेली असतात, आणि मुलाला काय जमलं याची नोंद विकासपत्रात होते. पुढे वस्तीतल्या आयांचे गट करून आठवडाभर घरी करायच्या छोट्या कृती दिल्या जातात. कल्पना उत्तम. खटकतं ते इतकंच की गट 'मातांचा' असतो आणि वडील मोटारसायकलवरून सोडायला येतात. जिल्ह्याला आज जिचं नाव आहे त्या अहिल्याबाईंना, 1725 साली जामखेडजवळच्या चौंडीत जन्मलेल्या मुलीला, घरी लिहा-वाचायला शिकवलं ते वडिलांनी, माणकोजी शिंद्यांनी, असं चरित्रकार सांगतात. तीनशे वर्षांनी बापांना वेळ नाही हे पटणारं नाही.

अर्थात 'घरी' म्हणताना कुणाचं घर, हेही पाहावं लागतं. पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातली कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. मुलं एक तर आजी-आजोबांकडे राहतात, नाही तर कारखान्याच्या तळावर कोपीत. पहाटे फडात गेलेल्या आईला रात्री "ये, खेळू" म्हणायचं त्राण कुठून येणार? तिथे साखरशाळा आणि अंगणवाडीच हवी, पालकांना उपदेश नको. गावात मागे राहिलेल्या आजीकडे मात्र गोष्टी, उखाणे, कोडी आणि चल्लस-आठ भरपूर असतं. तिला निरक्षर म्हणून बाजूला न सारता अंगणवाडीताईने आठवड्यातून एकदा बोलावून मुलांत बसवलं, तर त्याला वेगळा निधीही लागत नाही.

चारचौघांत "आमचा चौथ्या वर्षी शंभरपर्यंत म्हणतो" हे सांगायचा मोह मोठा असतो. म्हणणं आणि मोजणं यांत फरक आहे. त्याच मुलापुढे चौदा चिंचोके ठेवून "यातले नऊ दे" म्हणून पाहावं. जमलं नाही तर वही आणायची गरज नाही, पट मांडायचा.

राज्याच्या नियमानुसार पहिलीच्या प्रवेशासाठी त्या वर्षीच्या 31 डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण लागतात, तेव्हा घाई कुणालाच नाही. शाळापूर्व तयारीचा एक मेळावा उन्हाळ्याच्या सुट्टीआधी आणि दुसरा जूनमध्ये शाळा उघडताना भरतो. जवळच्या जिल्हा परिषद शाळेत तारीख विचारून ठेवा, आणि आई-बाबा दोघंही जा.