परदेशातील मिळकत : परवाना कोणता, पैसा कोठला?

आमच्या शहरात हल्ली कोणाच्याही घरी घटकाभर बसले, तरी परदेशाचा विषय निघाल्यावाचून राहत नाही. कोणाचा मुलगा मेलबर्नला असतो, कोणाची सून सिडनीला. मग ठरलेला प्रश्न येतो : "तिकडे मिळते किती?" उत्तरही ठरलेलेच. एक आकडा सांगितला जातो, डॉलरच्या भावाने त्याला गुणले जाते, आणि ऐकणारा मनातल्या मनात आपल्या निवृत्तिवेतनाशी त्याची तुलना करून गप्प होतो. गप्प झाला तर बरे. पण पुष्कळदा तो दुसऱ्या दिवशी बँकेत जातो आणि राहते घर तारण ठेवून मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज काढतो. म्हणून हा आकडा येतो कोठून आणि तो कोणाला लागू पडतो, हे आज आपण जरा तपासून पाहू. उदाहरणादाखल आम्ही ऑस्ट्रेलिया घेतला आहे, कारण स्थलांतरितांची कराची विवरणपत्रे आणि त्यांच्या व्हिसाची नोंद एकमेकांशी जोडून पाहण्याचे काम तेथील सांख्यिकी खात्याने पद्धतशीर केले आहे.

प्रथम एक लहानसे गणित. एका गल्लीत पाच जण राहतात. त्यांची वार्षिक मिळकत अनुक्रमे 40, 45, 50, 55 आणि 210 हजार डॉलर आहे. सरासरी काढली तर 80 हजार येते. पण पाचांपैकी चौघांना 80 हजारांचे दर्शनही घडलेले नाही. उलट सर्वांना मिळकतीच्या क्रमाने ओळीत उभे केले, तर मधल्या माणसाची मिळकत 50 हजार भरते. या मधल्या आकड्याला शास्त्रात 'मध्यक' म्हणतात. सरासरी श्रीमंताकडे झुकते. मध्यक मात्र साधारण माणसाजवळ उभा राहतो. तेव्हा कोणी आकडा सांगितला, की पहिला प्रश्न हा विचारावा : ही सरासरी आहे की मध्यक?

दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा : माणूस कोणत्या दाराने आत गेला? मुंबईच्या गिरण्यांची आठवण असलेले वडीलधारे लोक ही गोष्ट चटकन ओळखतील. एकाच खात्यात, एकाच मागावर दोन माणसे काम करीत. पण एक कायम असे आणि दुसरा बदली. काम तेच, परंतु बदलीवाल्याला सकाळी दारावर उभे राहावे लागे, आणि आज हजेरी लागेल की नाही हे त्याला ठाऊक नसे. परदेशातील व्हिसाही काहीसा असाच आहे. तो केवळ प्रवेशाचा कागद नव्हे. किती तास राबायचे, कोणाकडे राबायचे आणि भांडण झाले तर किती दिवसांत देश सोडायचा, हे तोच ठरवितो.

या दारांना इतिहास आहे. 1901 साली ऑस्ट्रेलियाने कायदा करून गौरेतरांना दार बंद केले. त्यासाठी श्रुतलेखनाची परीक्षा असे. अधिकाऱ्याने ठरविलेल्या कोणत्याही युरोपीय भाषेत पन्नास शब्दांचा उतारा लिहावा लागे. म्हणजे नको असलेल्या माणसाला नापास करण्याची सोय आधीच केलेली! ही परीक्षा 1958 च्या कायद्याने गेली, आणि वर्णभेदाचे उरलेसुरले अवशेष 1973 साली काढून टाकण्यात आले. पुढे 1979 साली वय, भाषा, शिक्षण, अनुभव यांना गुण देऊन निवड करण्याची पद्धत आली. कातडीच्या रंगाऐवजी कसब पाहिले जाऊ लागले. आज तेथे कायम वास्तव्यासाठी तीन मोठी दारे आहेत : कुशल कामगारांचे, कुटुंबीयांचे आणि निर्वासितांचे.

कुशल दाराने गेलेल्या मुख्य अर्जदाराच्या वेतनाचा मध्यक ऑस्ट्रेलियातील एकूण करदात्यांच्या मध्यकापेक्षाही वर असतो. यात नवल नाही, कारण भरपूर कमावील असाच माणूस वेचून घेतलेला असतो. परंतु कुशल व्हिसावर एकटा माणूस जात नाही; पत्नी किंवा पती आणि मुलेही त्याच अर्जात असतात. कुशल वर्गातील व्हिसांपैकी निम्म्याच्या आसपास व्हिसा अशा सहअर्जदारांना मिळतात. गुण मुख्यतः एकाचे मोजले जातात. दुसरा त्याच्या मागोमाग जातो. इकडे दवाखाना चालविणारी दंतवैद्य सून तिकडे गेली, की तेथील परीक्षा आणि नोंदणी होईपर्यंत तिला स्वतःच्या नावाने दात काढता येत नाही. त्यामुळे 'कुशल व्हिसावर गेलेल्यांची मिळकत' हा एकच आकडा घरातील दोघांनाही लावणे चुकीचे होय.

कुटुंबीयांच्या दाराने गेलेल्यांचा मध्यक याहून खाली आणि निर्वासितांचा सर्वांत खाली असतो. पण येथे एक गंमत आहे. 2009-10 या वर्षाच्या आकडेवारीत असे आढळले, की एकूण मिळकतीत स्वतःच्या धंद्यातून आलेल्या पैशाचे प्रमाण निर्वासितांत इतरांपेक्षा अधिक होते, आणि वास्तव्याला पाच वर्षे उलटल्यावर ही धंद्याची मिळकत झपाट्याने वाढत होती. ज्याच्या पदवीला कोणी विचारीत नाही आणि ज्याच्या जिभेवर नवी भाषा बसलेली नाही, तो माणूस नोकरीची वाट पाहत बसत नाही. जमेल तो धंदा धरतो. आपल्याकडे फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी उल्हासनगरात काय केले, हे ज्यांनी पाहिले किंवा ऐकले आहे, त्यांना याचे आश्चर्य वाटणार नाही.

येथून आपण तिसऱ्या प्रश्नाकडे येतो : पैसा कोठला? तेथील खाते मिळकतीचे चार भाग पाडते : नोकरीचे वेतन, स्वतःचा धंदा, गुंतवणूक आणि इतर. स्थलांतरितांची बहुतांश मिळकत वेतनाचीच असते. घरभाडे, व्याज, लाभांश ही फळे उशिरा लागतात, कारण झाड लावायलाच वर्षे जातात. शिवाय विवरणपत्रात सगळेच दिसते असे नाही. तात्पुरत्या व्हिसावरील बहुतेकांना ऑस्ट्रेलियाबाहेरील गुंतवणुकीच्या उत्पन्नावर तेथे कर नसतो. म्हणून पुण्यातील घराचे भाडे त्यांच्या मिळकतीत येत नाही. तोच माणूस कायम झाला, की तेच भाडे तेथील विवरणपत्रात दाखवावे लागते. कागदावर त्याची मिळकत वाढली. हातात मात्र एक पैसाही अधिक आला नाही.

आता तात्पुरत्या दारांकडे वळू, कारण आपली बहुतेक मुले प्रथम तेथूनच जातात. मालकाने बोलावून नेलेल्या कामगाराला किमान किती पगार दिला पाहिजे, याची मर्यादा सरकार ठरविते. ही मर्यादा 2013 पासून 53,900 डॉलरवर दहा वर्षे गोठलेली होती; 1 जुलै 2023 रोजी ती 70,000 केली गेली आणि 1 जुलै 2025 पासून 76,515 झाली. पण असा कामगार मालकाशी बांधलेला असतो. नोकरी सुटली तर नवा मालक शोधायला पूर्वी 60 दिवस मिळत. 1 जुलै 2024 पासून एका वेळी 180 दिवस मिळू लागले. हा बदल पगाराच्या आकड्यात दिसत नाही. पण पगार मागण्याचे बळ त्यातूनच येते. दोन महिन्यांत देश सोडावा लागेल या भीतीने वावरणारा माणूस जादा कामाचे पैसे मागेल कसा?

विद्यार्थ्याचे गणित तर आपण येथेच मांडून पाहू. शिकवणी चालू असताना त्याला पंधरवड्यात 48 तासच काम करता येते. ही मर्यादा 1 जुलै 2023 पासूनची. 1 जुलै 2025 रोजी लागू झालेले किमान वेतन ताशी 24.95 डॉलर. म्हणजे पंधरवड्याला 1,197 डॉलर 60 सेंट, आणि वर्षाचे 26 पंधरवडे एकही न चुकता काम मिळाले तर सुमारे 31,137 डॉलर. आता खर्च पाहा. व्हिसा मागताना एका वर्षाच्या निर्वाहासाठी जी रक्कम दाखवावी लागते, ती मे 2024 पासून 29,710 डॉलर आहे. शिल्लक राहिली सुमारे चौदाशे. त्यातूनच कर जायचा. रोजंदारीच्या कामाला दर चौथाईने अधिक मिळतो, सुटीत जास्त तासही करता येतात हे खरे. परंतु रोजंदारीला भरपगारी रजा नाही आणि उद्याच्या कामाची हमी नाही. तेव्हा निर्वाह कसाबसा भागेल. विद्यापीठाची फी त्यातून निघणार नाही, आणि इकडच्या कर्जाचा हप्ता तर नाहीच नाही. 'तिकडे काम करून फेडील' हे वाक्य जो मध्यस्थ उच्चारतो, त्याच्यापुढे कागद-पेन्सिल ठेवून त्याला हेच गणित करायला सांगावे.

एका बड्या दुकानसाखळीतील परदेशी विद्यार्थ्यांची लुबाडणूक 2015 साली उजेडात आली, तेव्हाही गाठ याच नियमाची होती. मालक तासांची मर्यादा मोडायला लावी, निम्म्या दराने पैसे देई आणि वर धमकी देई, की तक्रार केलीस तर तुझाच व्हिसा जाईल. व्हिसाचा असा धाक घालून राबविणे 1 जुलै 2024 पासून तेथे गुन्हा ठरले. आपल्या मुलांना हे ठाऊक असले पाहिजे. आणि मुलगा फोनवर 'सगळे ठीक आहे' म्हणतो, तेव्हा आपणही दोन प्रश्न अधिक विचारले पाहिजेत.

परदेशी जाऊ नये, असे आम्हांला मुळीच सुचवायचे नाही. वास्तव्य वाढते तशी मिळकतही वाढत जाते, हेही त्याच आकडेवारीतून दिसते. पहिल्या वर्षाच्या तंगीवरून निराश होण्याचे कारण नाही. तसेच दहाव्या वर्षाचा आकडा पहिल्या वर्षाच्या मुलावर लादण्याचेही नाही. म्हणून यापुढे कोणी म्हणाले, "अमक्याला तिकडे इतके मिळतात," तर आपण शांतपणे विचारावे : कोणत्या व्हिसावर? किती वर्षांनी? वेतनातून की धंद्यातून? आणि ही सरासरी की मध्यक? या चार प्रश्नांची उत्तरे हाती आल्याशिवाय घराची कागदपत्रे कपाटातून बाहेर काढू नयेत.