बोली वेगळी असली तरी जमणारी हातातली जादू

समोरच्याला आपली भाषा येत नाही आणि आपल्याला त्याची, अशा वेळी छोटी जादू कशी करून दाखवायची, ते आज पाहू. स्टेजवरची मोठी जादू नव्हे. समोरासमोर बसून नाणं, दोरा, रबर अशा वस्तूंनी करायची ती.

आता तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बाईला जादू कशाला हवी? सोयाबीन-हरभऱ्याच्या सोंगणीला मेळघाटातून कोरकू कुटुंबं खालच्या गावांत येतात. मोठ्यांना हिंदी-मराठी समजते. लहान लेकरांना मात्र बरेचदा घरची कोरकूच येते. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीपेक्षा अगदी वेगळी. अंगणवाडीत बोलावलं तर पोरं आईच्या पदराआड लपतात. तिथे दोन मिनिटांची गंमत कामी येते.

ही रीत फार जुनी आहे. तीन वाट्या आणि गोळ्यांचा खेळ आपण बाजारात पाहिलाय. रोममधल्या सेनेका नावाच्या लेखकाने सुमारे 2000 वर्षांपूर्वी अशाच खेळाचा उल्लेख केला आहे. 1869 साली सुएझ कालवा सुरू झाला आणि मुंबईहून विलायतेला जाणारी जहाजं त्या वाटेने जाऊ लागली. तिथे इजिप्तच्या पोर्ट सैद बंदरावरचे जादूगार प्रवाशांना वाट्यांचा खेळ दाखवत आणि त्यातून कोंबडीची जिवंत पिल्लं काढत. प्रवासी नाना देशांचे. जादूगार तोंडाने ‘गली गली’ म्हणत, म्हणून त्यांना नावही तेच पडलं.

भाषेशिवाय हे कसं जमतं? आपण जिकडे बघतो तिकडेच समोरचा बघतो. तुम्ही उजव्या हाताकडे टक लावलीत की त्याची नजरही तिकडेच जाते. म्हणून शब्दांचं काम डोळ्यांनी करायचं. आधी वस्तू दाखवायची, मग थांबायचं, मग कृती करायची, पुन्हा थांबायचं. घाई केली तर काय बदललं हेच कळत नाही. ‘मनातला आकडा ओळखते’ असे खेळ टाळा, त्यात बोलणं फार लागतं.

एक सोपा खेळ सांगते. साधं रबर घ्या. पहिल्या दोन बोटांत, म्हणजे तर्जनी आणि मधल्या बोटात, बुडाशी अडकवा. हाताची मागची बाजू समोरच्याकडे ठेवा. आता दुसऱ्या हाताने रबर तळव्याकडे ताणा, मूठ मिटताना चारही बोटांची टोकं त्या ताणलेल्या रबराच्या आत घाला आणि रबर सोडा. समोरून बघणाऱ्याला रबर दोनच बोटांवर दिसतं. मूठ झटकन उघडा. रबर उडी मारून शेवटच्या दोन बोटांवर जातं! घरी आरशासमोर वीस-पंचवीस वेळा करून बघा, मग हात बसेल. खेळ झाला की रबर मोजून परत घ्या, लहान मूल ते तोंडात घालू शकतं.

आता काही पथ्यं. आधी आईला दाखवा, मग मुलाला. आई हसली की लेकरू जवळ येतं. कुणाची बांगडी, पोत, मंगळसूत्र खेळासाठी मागू नका. ‘दागिना चमकवून देतो’ म्हणत हातचलाखीने सोनं लांबवणारे गावोगाव फिरतात. आपली रीत त्यांच्यासारखी दिसता कामा नये. मुलाच्या कानामागून नाणं काढायची गंमतही अनोळखी ठिकाणी नको. अंगातून खडा, काटा काढल्याचं दाखवून पैसे उकळणारे मांत्रिक असतात. नाणं पाहून एखाद्या आईला तेच आठवलं, तर ती घाबरेल आणि तिची समजूत घालायला आपल्याकडे शब्द नसतील.

मैत्रिणींनो, खरी मेख इथेच आहे. आपल्या भाषेत आपण ‘अगं, ही नुसती युक्ती आहे’ असं सांगून मोकळ्या होतो. भाषा नसली की हे वाक्यच जातं. समोरची बाई समजू शकते की हिच्या हातात काही शक्ती आहे. म्हणून शेवटी खेळ उघडा करायचाच. तळवा तिच्याकडे फिरवा, बोटं रबरात कशी घातली ते सावकाश दाखवा, रबर तिच्याच हातात द्या आणि तिला करू द्या. जादूगार आपलं गुपित सांगत नाहीत, पण आपण धंद्याला बसलेल्या नाही. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणं, लोकांना फसवणं हा आपल्या राज्यात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. जिने एकदा स्वतः रबर उडवलं, ती उद्या एखाद्या बुवाच्या हाताकडेही नीट निरखून बघेल.

आणि हेही ध्यानात असू द्या, जादूने ओळख होते, माहिती पोचत नाही. लसीची तारीख, औषध किती आणि कधी द्यायचं, मजुरीचा हिशोब, हे खुणांवर सोडू नका. त्यासाठी दोन्ही भाषा जाणणारी बाई सोबत घ्या. बहुतेक टोळीत अशी एक तरी असतेच. तिच्याकडून ‘बघ’, ‘घे’, ‘किती’ एवढे तीन शब्द आपणही शिकून घ्या. तुमचा उच्चार चुकला तर पोरं हसतील. हसू द्या, त्यांनाही आपल्याला काहीतरी शिकवल्याचा आनंद मिळेल.

येत्या बैठकीला प्रत्येकीने एक रबर घेऊन या, एकमेकींना करून दाखवू.